हाताले मुंग्या, मनगटात कळ, मशीनमधी बोट : वावरातल्या हाताचे दुखणे इथी लिहा

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)
राम राम मंडळी. प्रश्न माह्या मायचा आहे पण धागा सगळ्याईसाठी उघडतो, काऊन का आमच्या गावात ज्याले पाहाव त्याचं हाताचंच काईतरी सुरू आहे. माय साठीची असन, शुगर आहे, गोळी चालू आहे. सकाळी लवकर कापूस वेचाले जाते अन् ऊन चढलं का घरी. वेचताना काई होत नाई म्हनते, पण रात्री झोप लागली का उजवा हात सुन्न, मुंग्या, जळजळ. उठून बसते, हात झटकते, झटकला का थोडं बरं वाटते. सकाळी कपबशी हातातून सटकते. गावातल्या डॉक्टरनं वाताच्या गोळ्या देल्या, तालुक्याच्या एकानं मानेचा फोटो काढाले लावला, तिसरा म्हनते कॅल्शियम कमी आहे. तिघाईची फी गेली अन् हात तसाच. हाडाच्या डॉक्टरले दाखवाव का नसाच्या? अन् तुमच्याकडे हाताचे काय काय प्रकार होऊन राह्यले थे बी लिहा, म्हणजे एका जागी सापडन.

डवरा
वातच असन भाऊ. निर्गुडीचा पाला गरम करून शेकाले सांगा. आमच्या घरी चालते.

फिजिओताई_अमरावती
शेकल्यानं बरं वाटते ते खरं आहे, पण पऱ्हाटीवाला भाऊ, काकूंना एक गोष्ट नीट विचारा : मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात? अंगठा, त्याच्या बाजूचं, मधलं आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, आणि करंगळी एकदम ठीक, असं असेल तर हे बहुतेक कार्पल टनेल आहे. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवायच्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते, मीडियन नर्व्ह. सूज आली की बोगदा तेवढाच राहतो आणि नस दाबली जाते. झोपेत आपण मनगट वाकवून ठेवतो म्हणून रात्री जास्त. झटकल्यावर बरं वाटणं ही तर जवळपास त्याची सहीच आहे. शुगर, थायरॉइड, गरोदरपण, पाळी जायचं वय, आणि दिवसभर चिमटीनं एकच काम, यात हे जास्त दिसते. काकूंचं वय आणि शुगर दोन्ही बसतात त्यात, थायरॉइडही एकदा तपासून घ्या. गरोदर बाईचं असेल तर बाळंतपणानंतर बहुतेकदा आपोआप जाते, तिला घाबरवू नका.

पहिला उपाय स्वस्त आहे. मेडिकलमध्ये मनगटाचा पट्टा मिळते, आत सरळ पट्टी असलेला, तो रात्री बांधून झोपायचं, मनगट सरळ राहिलं पाहिजे, ना वर ना खाली. काही आठवडे सलग करा, दोन रात्री बांधून काही झालं नाही म्हणून फेकू नका. त्यानं फरक नाही पडला तर एनसीव्ही म्हणून नसेची तपासणी असते, हाडाच्या किंवा मेंदू-नसांच्या कोणत्याही डॉक्टरला दाखवलं तरी चालते, दोघांनाही हे ओळखता येते. पुढे बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, त्यानं शुगर काही दिवस वर जाते, म्हणून शुगर आहे हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. आणि शेवटी छोटं ऑपरेशन, हात बधिर करून बोगद्याचा तो जाड पट्टा मोकळा करतात, त्याच दिवशी घरी. फक्त एक पाहा. अंगठ्याच्या खालची गादी दोन्ही हातांची बाजूबाजूला ठेवून पाहा. एका बाजूची खपाटीला गेली असेल तर महिनोन्‌महिने वाट पाहायची नाही, ते स्नायू एकदा वाळले की पूर्ण परत येत नाहीत.

पऱ्हाटीवाला
ताई आताच विचारलं. करंगळी बरोबर आहे म्हनते, बाकी चारही... म्हणजे साडेतीन. गादी मले सारखीच दिसून राह्यली. पट्टा उद्याच आणतो.

झाडीपट्टी_चंद्रपूर
ताईंनी चांगलं सांगितलं, पण करंगळीचं उलटं असलं तर काय, ते कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझी बरीच नोकरी आरोग्य उपकेंद्रात गेली. करंगळी आणि अनामिका बधिर, हळूहळू ती दोन बोटं आखडायला लागली, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड हाताला लागते, अंगावर कुठं फिकट किंवा लालसर चट्टा आहे ज्यावर टोचलेलं कळत नाही, चुलीवरचं भांडं उचललं आणि फोड आला तेव्हा समजलं की भाजलं, यातलं काही असेल तर मुंग्यांच्या गोळ्या खात बसू नका, कुष्ठरोगाची तपासणी करा. कोपरात नस दाबून बी करंगळी बधिर होते, प्रत्येकाला कुष्ठरोगच असतो असं नाही, पण आपल्या भागात तो संपलेला नाही, चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे पेशंट निघतात. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्र औषधांच्या, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट, चट्टे कमी असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२. बोटाची ताकद नुकतीच गेली असेल, म्हणजे सहा महिन्यांच्या आतली, तर वेगळ्या औषधानं ती परत यायची बरीच आशा असते. त्यानंतर बोट आखडलेलंच राहते, मग ऑपरेशन.

वरोऱ्याचं आनंदवन, अमरावतीचं तपोवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, हे सगळं आपल्याच विदर्भात उभं राहिलं आणि तरी आपलेच लोक चट्टा लपवतात. पोरीच्या लग्नासाठी लपवतात. लपवल्यानं लग्न होते, हात जाते.

वर्धेची_माई
शेवटची ओळ आमच्या महिला मंडळात वाचून दाखवीन.

संत्राबाग_वरुड
आता माह्या काकाचं ऐका. जुनं डिझेल इंजिन आहे विहिरीवर, हँडल मारून चालू करावं लागते. हँडल उलटं फिरलं अन् मनगट गेलं. गावाजवळ हाडं बसवणारा आहे त्याच्याकडे नेलं, त्यानं ओढून बसवलं, बांबूच्या काड्या लावल्या अन् चिंध्यानं असं कचकचून बांधलं का रात्री काका वरडत होते. घरचे म्हनत हाड बसलं म्हणजे दुखनारच. सकाळी बोटं काळीनिळी, थंडगार. अमरावतीले नेलं, हात वाचला पण बोटं आता पूर्ण सरळ होत नाई, वाकल्यासारखेच राह्यते. इंजिन आता कोणी चालू करत नाई, सोलर बसवला. ह्या लोकाईवर केस कराले पायजे.

खारपाणपट्टा (अकोला)
भाऊ सगळे तसे नसते. आमच्याकडच्या माणसानं माहा खांदा बसवला, बैलानं झटका देल्ला होता तेव्हा, आजही टनाटन आहे. रात्री दहाले तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रेवाला राह्यते का? नाई राह्यत. मंग माणूस जाईन कुठी? शहरातले म्हनते हाडवैद्याकडे जाऊ नका अन् स्वतः सकाळी अकराले ओपीडी उघडते.

संत्राबाग_वरुड
खांदा अन् मनगट सारखंच आहे का बे?

खारपाणपट्टा
बे नको करू. मी तुह्या काकाबद्दल काई बोललो नाई. अडचण सांगतली फक्त.

फिजिओताई_अमरावती
भांडू नका, दोघांचंही बरोबर आहे. रात्री एक्स-रे नाही हे खरंच आहे. पण रात्री एक्स-रे नसला तरी मनगट सकाळपर्यंत थांबू शकते, घट्ट बांधलेला हात थांबू शकत नाही. वाकडं झालेलं मनगट ओढायचं नाही, जसं आहे तसं खाली पुठ्ठा किंवा फळी ठेवून रुमालानं सैल बांधा, गळ्यात अडकवा, अंगठी-बांगड्या-कडं आधी काढा. प्लास्टर असो का बांबू, बांधल्यावर दुखणं कमी व्हायला पाहिजे. वाढत चाललं, बोटं सुन्न पडली, फिकी किंवा निळी दिसली, आणि दुसऱ्यानं बोट सरळ केलं की जीव जाते असं दुखलं, तर मध्यरात्र असली तरी बांधलेलं सोडा. हाड नंतर पुन्हा बसवता येते. आतल्या स्नायूला रक्त मिळालं नाही तर पाच-सहा तासांत तो मरायला लागते आणि मग वाळून आखडते, काकांचं तेच झालेलं दिसते.

आणि दुसरं, हे मी रोज पाहते. पोरगा गाडीवरून पडला, तळहात टेकवून पडला, एक्स-रे क्लिअर आला, मुकामार म्हणून घरी पाठवला, आणि वर्षभरानं मनगट दुखते म्हणून येते. अंगठा ताणून वर केला की मनगटापाशी दोन दोऱ्यांमध्ये खड्डा पडते, त्या खड्ड्यात दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकलेलं असू शकते. पहिल्या फोटोत ते बरेचदा दिसतच नाही. म्हणून फोटो चांगला असला तरी अंगठ्यासकट पट्टी बांधून १० ते १४ दिवसांनी दुसरा फोटो काढायचा असते. या हाडाला रक्त उलट्या बाजूनं येते, बोटांकडच्या टोकाकडून कोपराकडच्या टोकाला, म्हणून मधून तुटलं की कोपराकडचा तुकडा उपाशी पडते आणि जुळत नाही. ‘मुकामार’ हा शब्द ऐकला की तो खड्डा दाबून पाहत जा.

म्हाताऱ्या बायांचं वेगळं. नहाणीत पाय घसरला, हात टेकला, मनगट काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं वर उचललेलं दिसते. हाड ठिसूळ झालेलं असते. साधारण सहा आठवडे प्लास्टर, पण त्या सहा आठवड्यांत बोटं आणि खांदा रोज हलवला नाही तर मनगट जुळते आणि खांदा जाम होऊन बसते. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या आजीबाई मनगटासाठी नाही, त्या खांद्यासाठी येतात. आणि पडल्यावर मनगट मोडलं म्हणजे पुढच्या वेळी खुबा मोडू शकते, हाडाच्या ठिसूळपणाचं औषध तेव्हाच विचारून घ्या.

डवरा
नहाणीतली शेवाळ घासून काढा बाप्पा आधी.

गंजीवाला (वाशीम)
मी थ्रेशर चालवतो, भाड्यानं. सोयाबीनच्या सीझनमधी दरवर्षी तालुक्यात कोणाचा ना कोणाचा हात जातेच. कसा जाते थे सांगतो. पाऊस यीन म्हणून घाई, गंजी खालून ओली, ओला माल अडकते, आवाज बदलते, आणि पेंढी टाकनारा हातानं आत ढकलते. संध्याकाळची वेळ, रोजानं आलेला माणूस सकाळपासून उभा, अर्धवट उजेड. नाईतर बाईचा दुपट्टा, नाईतर फुल शर्टची लोंबणारी बाही. मशीन हात ओढते तेव्हा माणूस हात वापस ओढूच शकत नाई, ड्रमची गती तेवढी असते. माह्या मशीनवर नियम आहे, अडकलं का आधी ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मशीन फिरवनारा दांडा, बंद, मंग काडीनं काढा. कोणी रागावलं तरी चालन.

टाकाची नळी, म्हणजे ज्याच्यातून पेंढी आत सरकते थे, लांब पायजे, ९० सेंटिमीटर तरी, अन् त्यातली ४५ वरून झाकलेली. म्हणजे माणसाचा हात कितीबी लांब केला तरी ड्रमपर्यंत पोचत नाई. जुन्या लोकल मशीनची नळी तोकडी राह्यते, काही जण माल पटापट जावा म्हणून वरचं झाकण कापून टाकते. धोकादायक यंत्राचा कायदा १९८३ चा आहे, थ्रेशर त्यात येते, पण वावरात येऊन कोण पाह्यते. भाड्यानं मशीन बोलावता तर नळी पाहून घ्या, दोन पोत्याचा फरक पडला तरी.

पऱ्हाटीवाला
अन् बोट तुटलंच तर? आमच्याकडे कडबा कुट्टीत एका पोट्ट्याचे दोन बोटं गेले, बोटं कुटारातच राह्यले, कोणाले सुचलंच नाई शोधाचं.

फिजिओताई_अमरावती
शोधायचंच. सापडलं नाही तर जखमी माणूस पुढे पाठवा आणि मागे एकाला शोधायला ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात वर, सुतळी किंवा तारेनं आवळू नका. हळद, चुना, माती, टूथपेस्ट काही नाही. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्यानं हलकं धुवा, घासू नका, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर नाही, थेट पाण्यात नाही, दुधात तर अजिबात नाही (हे मी पाहिलेलं आहे). कातडीला लोंबत असेल तर कापून वेगळं करू नका. असं थंड ठेवलेलं बोट कित्येक तास टिकते. तळहातावरून किंवा मनगटातून तुटला असेल तर त्यात स्नायू असतात, तिथे सहा तासांच्या आतलीच गोष्ट धरा. १०८ ला फोन करताना ‘बोट तुटलं आहे, जोडायचं आहे’ असं स्पष्ट सांगा. प्लास्टिक सर्जन जिथे आहे तिथेच जायचं, नागपूरला मेडिकल कॉलेज आहे, आणि निघायच्या आधी फोन करून विचारा की आता जोडणारा डॉक्टर हजर आहे का, नाहीतर तीन दवाखाने फिरण्यात वेळ जाते. रस्त्यात जेवण-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागते. जोडता येईलच असं नाही, थ्रेशरमध्ये चिरडलेलं बरेचदा जोडता येत नाही, पण ते डॉक्टरनं ठरवायचं.

गंजीवाला
पैशाचं बी सांगून ठेवतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, मृत्यूले २ लाख, दोन हात-पाय-डोळे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. सातबाऱ्यावर नाव असलेला अन् त्याच्या घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसाच्या आत कागद द्या लागते. रोजानं आलेल्या भूमिहीन मजुराले मात्र यातून काई भेटत नाई अन् हात बहुतेकदा त्याचाच जाते. हे मले कधी पटलं नाई.

खारपाणपट्टा
एकदम खरं. मशीनवर पेंढी टाकाले मालक कधी उभा राह्यते.

वर्धेची_माई
तुम्ही सगळे मोठे मोठे अपघात लिहून राह्यले, बायांचे बारीक दुखणे कोणी लिहीना. पहिलं, वेचताना बोंडाचं वाळलेलं नख बोटात घुसते, नखाच्या कडेनं पिकते, नखुर्डं होते, मग लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालून झोपतो. दुसरं, माझ्या सुनेचं बाळ चार महिन्यांचं, तिला अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर एवढं दुखते की ओलं लुगडं पिळता येत नाही. तिसरं, माझं स्वतःचं मधलं बोट सकाळी वाकलं की अडकते, दुसऱ्या हातानं ओढलं की टक् करून सुटते. आणि पुतणीच्या मनगटावर वरच्या बाजूला बोराएवढी गाठ आहे, तिची सासू म्हणते चपलेनं मार, फुटते.

फिजिओताई_अमरावती
माई, चपलेचं आधी : नको. ती गँगलियन असेल, आत जेलीसारखं पाणी असते, कॅन्सर नसते, दुखत नसेल तर तशीच राहू द्या, बऱ्याच आपोआप जातात. सुईनं काढली तर पुष्कळदा परत येते.

सुनेचं ते डी क्वेर्वेन, त्या नावाच्या स्विस सर्जननं १८९५ मध्ये लिहून ठेवलेलं दुखणं. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे वाकवली की कळ येईल. बाळाला काखेत हात घालून, अंगठा ताणून उचलणं बंद, एक हात ढुंगणाखाली आणि एक पाठीखाली असं उचला. लुगडं पिळायचं काम काही आठवडे दुसऱ्या कोणीतरी करा, घरात माणसं आहेत ना. अंगठ्यासकट पट्टा बांधा. तुमचं बोट म्हणजे ट्रिगर फिंगर, शुगर असेल तर जास्त होते, तपासली नसेल तर तपासा. एका इंजेक्शननं बहुतेकांचं सुटते.

लिंबानं नुकसान नाही, पण पू झाला की लिंबू तो बाहेर काढत नाही. सुरुवातीला कोमट मिठाच्या पाण्यात बोट बुडवा. ठणका झोपू देत नसेल, बोटाचं पेर टणक झालं असेल, तर चीरच द्यावी लागते. आणि आख्खं बोट फुगून अर्धं वाकून राहिलं, सरळ करताना जीव गेला, किंवा हातावर लाल रेघ वर चढली आणि ताप आला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. शुगरवाल्यांनी तर उद्यावर टाकूच नका. टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, कधी घेतलं होतं ते बी आठवून ठेवा.

वर्धेची_माई
घरात माणसं आहेत, दोन आहेत. दोघंही धागा वाचून राह्यले.

मेळघाटी
सोयाबीन कापताना विळा लागला, बोटाच्या आतून, मधल्या सांध्यापाशी. जवळच्या दवाखान्यात टाके मारले, जखम भरली, पण बोटाचं शेवटचं पेर वाकतच नाही. ते म्हणाले सुजेमुळे आहे, वाकेल. दहा-बारा दिवस झाले. थांबू का?

फिजिओताई_अमरावती
थांबू नका, उद्याच निघा. मधलं पेर हातानं धरून फक्त शेवटचं वाकवून पाहा. अजिबात हललं नाही तर आतली दोरी कापलेली असू शकते, वर टाके पडले आणि खाली दोरी तशीच. तुटलेलं टोक तळहाताकडे सरकते आणि आखडते. दोनेक आठवड्यांच्या आत सरळ जोडता येते, उशीर झाला तर दुसरीकडून दोरी आणून दोन ऑपरेशनं लागू शकतात. पेराचा शेंडा बधिर असेल तर नस पण कापली आहे, हे डॉक्टरांना सांगा. ओढून-ताणून व्यायाम करू नका.

मेळघाटी
शेंडा बधिर आहे. सकाळच्या गाडीनं निघतो.

संत्राबाग_वरुड
माहा एक छोटा सवाल. वरती ताई म्हनल्या अंगठी आधी काढा. सुजल्यावर निघत नाई तर काय करावं? मागच्या साली साप चावला होता एका गड्याले, बोट सुजून चांदीची अंगठी रुतून बसली होती.

फिजिओताई_अमरावती
साबण किंवा तेल लावा, हात थोडा वेळ वर धरा. मग शिवायचा जाड दोरा घ्या, त्याचं टोक अंगठीखालून मनगटाकडे सरकवा, आणि बाकीचा दोरा अंगठीपासून नखाकडे बोटावर लागून-लागून घट्ट गुंडाळा, मधल्या सांध्याच्या पुढपर्यंत. आता मनगटाकडचं टोक हळूहळू उलगडा, दोरा सुटत जाते तशी अंगठी पुढे सरकते. बोट निळं पडलं असेल, जखम असेल किंवा साप चावलेला असेल तर हा खटाटोप नको, अंगठी कापा आणि दवाखान्याकडे निघा. सापासाठी आवळून बांधायचं तर नाहीच.

गंजीवाला
कापाचं कटर सोनाराकडे राह्यते. रस्त्यात पडते तर दोन मिनिटं थांबा, नाईतर सरळ दवाखान्यात, तिथीबी कापून देते.